जिमनीच्या डिकीतले घरगुती खण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचं मागचं दार उघडं दिसलं की कोल्हापुरात कोणी ना कोणी थांबतंच. "हे कुठनं बसवलं?" इथून सुरुवात होते आणि चहा संपेपर्यंत चालतं. गेल्या दोन पावसाळ्यांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की आता एकदाच लिहून ठेवतो. मी सुतार नाही, इंजिनिअरही नाही. दोनदा खण केले, म्हणजे डिकीत बसेल असा प्लायचा डबा आणि त्यात सरकणारे कप्पे. पहिल्या वेळी चुकलो आणि खालची बरीचशी उत्तरं त्या चुकीतूनच आलेली आहेत. माझी गाडी मारुतीची जिमनी आहे, पण थार, गुरखा, स्कॉर्पिओ किंवा जुनी जिप्सी असली तरी मापं तेवढी बदलतील.

खण हवेतच कशाला? क्रेट आणि पिशव्या चालत नाहीत का?

चालतात. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी क्रेटच घ्यायला सांगतो. वर्षातून दोनदा तारकर्लीला जाऊन हॉटेलात राहणार असाल तर झाकणाचे दोन क्रेट आणि दोन रॅचेट पट्टे पुरेत. खणाचा उपयोग तेव्हा, जेव्हा मुक्काम गाडीपाशीच असतो आणि तळातली वस्तू काढायला दर वेळी वरचं सगळं रस्त्यावर मांडावं लागतं.

माझं कारण आणखी एक होतं. जिमनीची डिकी मुळात २०८ लिटरची. मागच्या सीटची पाठ पाडली की ३३२ लिटर होते, पण पाडलेली पाठ डिकीच्या तळापेक्षा उंच राहते आणि मध्ये पायरी पडते. पायरीच्या उंचीचा खण केला की वर सपाट जागा मिळते. त्यावर सामान ठेवा नाहीतर आडवे व्हा.

हा प्रकार मूळचा ऑस्ट्रेलियात रुळलेला. तिथे लँड क्रूझरसारख्या मोठ्या गाड्या आठवडा-आठवडा निर्जन भागात फिरतात, पाणी आणि डिझेलही सोबत नेतात. आपल्याकडे आंबोलीला पोचेपर्यंत चार ठिकाणी भजी मिळतात. तिकडचे व्हिडिओ बघून तसेच खण करायला जाऊ नका, गाडी तेवढी मोठी नाही आणि गरजही नाही.

तुमचं ड्रॉइंग पाठवाल का?

नाही, आणि मागूही नका. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत मॅटिंग, स्पीकर, वायरिंग यांनी एखादा सूत (इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे होतोच, आणि खणाचं काम सुतावरच चालतं.

त्याऐवजी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणा. गाडीच्या आतली रुंदी तीन ठिकाणी मोजा: तळाशी, चाकाच्या कमानीवर आणि दाराच्या चौकटीत. तिसरं माप सगळे विसरतात. आत जागा जास्त आणि दाराची चौकट अरुंद, असं असेल तर तयार डबा बाहेरच राहणार. मग पुठ्ठ्याचा डबा चिकटपट्टीने जोडून गाडीत ठेवा आणि दोन आठवडे तसाच फिरवा. नेहमीचं सामान त्यात घाला. माझा तीन लिटरचा कुकर उंचीत बसला, पण त्याचं लांब हँडल खणाच्या आडव्या मापात काही बसेना. ते पुठ्ठ्यावर कळलं म्हणून बरं. प्लाय कापल्यावर कळलं असतं तर कुकर बदलावा लागला असता, आणि तो घरच्यांना विचारून घेतलेला होता.

पहिला खण नक्की कशात फसला?

वजनात. हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण मला सांगायचंय ते मुख्यतः हेच.

पहिल्या वेळी मी घरातल्या कपाटाच्या हिशोबाने सगळं १८ मिमी प्लायचं केलं. तळ, वरचं झाकण, बाजू, खणांच्या आतल्या बाजूसुद्धा. दिसायला देखणं, वर राखाडी कार्पेट. आमचे सुतारमामा कापतानाच म्हणाले होते, "साहेब, ह्याच्यावर माणूस झोपणार हाय का हत्ती?" मी हसण्यावारी नेलं. तयार झाल्यावर मित्राच्या गुळाच्या अड्ड्यावरच्या काट्यावर ठेवला: ५८ किलो, तोही रिकामा. गुळाचे जवळजवळ दोन रवे, म्हणजे ढेपा, गाडीत कायमचे ठेवून हिंडायचं, तेही काही न विकता.

आता गाडीचा हिशोब बघा. जिमनीचं स्वतःचं वजन साधारण १२०० किलो आणि सगळं धरून कमाल वजन १५४५ किलो. म्हणजे माणसं आणि सामान मिळून ३४५ च्या आसपास. ७० किलोचे चार जण बसले की २८० गेले, उरले ६५. त्यातले ५८ डब्यानेच खाल्ले तर खणात ठेवणार काय, रुमाल? दोघेच जाणार असाल तर हात थोडा मोकळा राहतो, पण सगळं वजन मागच्या ॲक्सलच्या मागे लटकतं. पुढचं टोक हलकं होतं, हेडलाइट वर बघतात, आणि घाटात वळणावर गाडीची शेपूट जाणवते.

दुसरा खण ३१ किलोचा झाला. बाहेरच्या डब्याला तळ नाहीच, २५ बाय २५ मिमीच्या चौकोनी पाइपची चौकट आहे. सांगाडा १२ मिमीचा, खणांच्या बाजू ९ मिमीच्या आणि खणांचे तळ ६ मिमीचे. मजबुतीत फरक जाणवला नाही. वरच्या झाकणाला दोन्ही बाजूंचा आणि मधल्या पार्टिशनचा आधार आहे. मी ८० किलोचा माणूस त्यावर गुडघे टेकून बसतो, करकर नाही.

प्लाय कोणता घ्यावा?

गाडीत पाणी येतंच. ओले बूट, ओली ताडपत्री, बर्फाचा डबा. म्हणून आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) स्वस्त पडतो, कोरड्या भागात चालून जाईल, कोकणात जाणार असाल तर नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचं नावही काढू नका: पाणी लागलं की फुगतात आणि खड्ड्यांत स्क्रू धरत नाहीत.

मरीन प्लाय जड असतो. आठ बाय चारचा १८ मिमी शीट ३५ ते ४० किलो भरतो, १२ मिमीचा २३ ते २६. दुकानात अर्धा शीट कापून देतात का ते आधी विचारा. तीन जाडीचे तीन पूर्ण शीट घेतले तर अर्धा माल घरात भिंतीला टेकून राहील आणि त्यावरून रोज ऐकून घ्यावं लागेल.

स्क्रू मारण्याआधी बारीक भोक पाडायचंच. ९ मिमीच्या कडेत थेट स्क्रू दाबला की थर सुटतात, सुतार त्याला "प्लाय फाटला" म्हणतात. सांध्यात पाणी सोसणारा फेविकॉल आणि स्क्रू, दोन्ही हवेत. नुसता स्क्रू खराब रस्त्यावर सैल होतो.

टेलिस्कोपिक चॅनेल लावू का?

म्हणजे खण पुढे-मागे सरकवणारी बाजूची लोखंडी पट्टी. स्वयंपाकघरातला साधा चॅनेल ४५ किलो पेलण्याच्या आसपासचा येतो. आकडा ऐकायला पुरेसा वाटतो, पण तो आकडा स्थिर ओट्याखालचा आहे. खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा १५ किलोचा खणही क्षणभर कितीतरी जड होतो. जड कामाचे, १०० किलोच्या वरचे, लॉक होणारे चॅनेल मिळतात आणि छान चालतात. पण एक जोडी चार-पाच किलो भरते, भाव प्लायपेक्षा जास्त, आणि दोन्ही बाजूंना निदान चार-चार सूत जागा खाते. दोन खण म्हणजे आठ अधिक आठ, दोन इंच रुंदी नुसत्या लोखंडात गेली. जिमनीत दोन इंच म्हणजे चहाच्या डब्याची जागा.

दुसरी अडचण धुळीची. चॅनेलमधल्या गोळ्यांना ग्रीस असतं, ग्रीसला धूळ चिकटते, आणि एका उन्हाळ्यात खण "कर्रर्र" करत उघडायला लागतो.

दुसऱ्या खणात मी चॅनेल लावलाच नाही. खाली नायलॉनच्या दोन पट्ट्या, खणाच्या तळाला दोन गुळगुळीत पट्ट्या, प्लास्टिकवर प्लास्टिक घसरतं. बाजूला लाकूड घासतं तिथे मेणबत्ती फिरवली. तेल नाही, ग्रीस नाही. १२ किलो सामान भरलेला खण एका हाताने येतो. तोटा एवढाच की पूर्ण बाहेर काढता येत नाही, मागचा तिसरा हिस्सा आतच ठेवावा लागतो, नाहीतर खण पुढे झुकतो. त्यासाठी मागे अटकाव म्हणून लाकडाचा एक ठोकळा लावलाय. तो आधी लावला नव्हता. पहिल्याच दिवशी तांदळाचा डबा माझ्या पायावर आला.

फ्रिज ठेवायचा असेल तर मात्र चांगला चॅनेल घ्या. त्याला पर्याय नाही.

गाडीला कसा पक्का करायचा?

इथे कंजूषपणा करू नका. माझा खण भरून ७० किलो होतो. ताशी ५० च्या वेगात गाडी कशाला तरी धडकून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या १३ ते २० पट जोर येतो. म्हणजे तुमच्या पाठीमागून एक टन येतोय. पट्ट्याने बांधलेला किंवा "जडच आहे, कुठे जातोय" म्हणून नुसता ठेवलेला डबा तेव्हा सीटची पाठ घेऊनच पुढे येईल.

८.८ ग्रेडचा एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीचा, बोल्ट एकटा जवळपास दोन टन ताण सोसतो. तो तुटत नाही, फाटतो तो पत्रा. म्हणून बोल्ट कंपनीने दिलेल्या भक्कम आट्यांच्या जागीच घ्या, आणि पत्र्यात घ्यावाच लागला तर खाली निदान ३ मिमी जाडीची, हाताच्या तळव्याएवढी लोखंडी पट्टी द्या. वर नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यांनी सैल न होणारा. डिकीच्या बाजूंना हुकांसाठी जी बारीक आट्याची भोकं असतात ती हलक्या पिशव्यांसाठी आहेत, खणाचं वजन त्यांच्यावर टाकू नका.

भोक पाडण्याआधी गाडीखाली आडवे होऊन बघा. ब्रेकची नळी, पेट्रोलची टाकी, वायरिंगची जुडगी, कुठेही असू शकतात. आणि सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. सोपी जागा दिसते, हाताशी असते, तरीही नाही.

पंक्चर झालं तर?

हसू नका, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, मीच स्वतःला विचारायला हवा होता. जिमनीची स्टेपनी दारावर आहे म्हणून मी निवांत होतो. करूळ घाटात, जुलैच्या पावसात, संध्याकाळी मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी डोळ्यांसमोर. जॅक मात्र डिकीच्या तळाखालच्या कप्प्यात, त्याच्यावर ५८ किलोचा डबा, डब्यात सामान, आणि डबा चार बोल्टने आवळलेला. पाना कुठे? खणात. निदान तो तरी होता. ताडपत्री रस्त्याकडेला पसरून सगळं सामान तिच्यावर, बोल्ट सोडून डबा तिरका करून भाच्याने पायाने अडवून धरला आणि मी हात घालून जॅक ओढला. धुकं एवढं की मागून येणारी एसटी हॉर्नवरून कळत होती. ब्लिंकर आणि भाच्याच्या हातातली बॅटरी, एवढ्यावर तासभर काढला.

आता जॅक, टॉमी, पाना आणि टो-पट्टा खणाबाहेर बाजूच्या कोनाड्यात वेगळ्या पट्ट्याने बांधलेले असतात. फर्स्ट एड आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर पुढे, ड्रायव्हरच्या हाताशी.

आरटीओ काही म्हणेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १८२ अ खाली प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खणांसाठी मागची सीट काढून टाकणं हा सगळ्यात मोठा घोळ. आरसीवर चार आसनं लिहिलेली आणि गाडीत दोनच, मग बोलायला जागा राहत नाही.

मी सीट काढलेली नाही, फक्त पाठ पाडतो. वेल्डिंग नाही, पत्र्यात कापाकापी नाही, डबा पान्याने सुटतो. माझ्या लेखी ते सामान आहे. तरी पोलिसाने विचारलंच तर वाद घालू नका, दार उघडून दाखवा. विमा कंपनीला आधी ईमेल करून ठेवलेला बरा.

खडखड फार होते, काय करू?

आवाज बहुतेक खणाचा नसतो, खणातल्या सामानाचा असतो. एकदा खण पूर्ण रिकामे करून त्याच खराब रस्त्यावरून जा. आवाज गेला तर चमचे आणि डबे गुन्हेगार: जुनी बेडशीट कापून मध्ये कोंबा. आवाज तसाच राहिला तर कोणाला तरी मागे बसवून हाताने एकेक भाग दाबायला सांगा, जिथे दाबल्यावर बंद होतो तिथे फेल्टची पट्टी. माझ्याकडे शेवटी दाराची आतली रबरी गुंडी निघाली. खणाचा काही संबंध नव्हता, मी मात्र तोवर सगळे स्क्रू दोनदा आवळले होते.

खण चालता चालता उघडतात.

चुंबकाची कॅच कपाटाला ठीक, गाडीत निरुपयोगी. साधी उभी कडी लावा, नाहीतर दाबून बंद होणारं लॅच. तपासायचं असेल तर खण भरून गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा आणि मागचं दार उघडा. त्याच वेळी खणासमोर स्वतः उभे राहू नका.

गॅस, स्टोव्ह, बॅटरी?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खणाच्या तळाशी आणि गाडीच्या फरशीवर साचतो. बंद खणात पाच किलोचा छोटा सिलिंडर ठेवणारे मी पाहिलेत आणि त्यांच्या गाडीत मी बसत नाही. स्टोव्ह खणात ठेवा, सिलिंडर किंवा गॅसचं छोटं काडतूस नको. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको.

दुसरी बॅटरी बसवत असाल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा, खणापाशी नाही. वायर खणाबरोबर पुढे-मागे होणार असेल तर तिला मोकळा वेढा द्या आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. या कामाला वायरमन बोलवा. मीही बोलावला.

गंज आणि कुबट वास?

देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू एका मोसमात लाल होतात, ३०४ ग्रेडचे स्टेनलेस घ्या. पाइपच्या चौकटीला वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइड आणि वर रंग, वेल्डिंगच्या जागी दोन हात. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितात, तिथे प्रायमर भरपूर. कार्पेट फक्त वरच्या पृष्ठावर लावा. मी पहिल्यांदा खणांच्या आतूनही लावलं होतं आणि गणपतीपर्यंत त्याला ओल्या घोंगडीचा वास यायला लागला.

स्वतः करावं की सुताराकडून? खर्च किती?

कापणी सुताराकडून करून घ्या, जोडणी स्वतः करा. त्याच्या यंत्रावर गुण्यात कापलेली फळी आणि तुमच्या हातकरवतीने कापलेली फळी यांत दोन सुतांचा फरक पडतो आणि त्या दोन सुतांनी खण अडकतो. चौकट कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वेल्डरने दीड तासात करून दिली. पुण्यात असाल तर प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट.

मला दुसरा खण साधारण १४ हजारांना पडला, मजुरी धरून. पहिल्याचे २१ हजार गेले होते, त्यात चॅनेलच निम्म्याच्या जवळपास. चार रविवार लागले. त्यातला एक पूर्ण रविवार एम ८ चे योग्य लांबीचे बोल्ट शोधण्यात गेला, कारण रविवारी दुकानं बंद असतात हे मला रविवारीच आठवतं.

वर झोपता येतं का?

पाच फूट सात इंचांपर्यंत, पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून आणि थोडं तिरकं होऊन. दोघं झोपायची कल्पना सोडा. गादी दोन इंचांपेक्षा जाड घेतलीत तर उठून बसताना छत डोक्याला लागेल. काच बोटभर उघडी ठेवा आणि इंजिन बंद.

पहिल्या खणाचं काय केलं?

मामांनी नेला. त्यांच्या शेडमध्ये भिंतीला लावलाय, वरच्या खणात रंधे आणि पटाश्या, खालच्यात बिजागऱ्या. एकदा सहज गेलो तर वर चढून ते ट्यूबलाइट बदलत होते. म्हणाले, "साहेब, मजबूत हाय बरं का. गाडीत कशाला घातलाव्हता?"